नदी डोंगरमाथ्यावरून वाहते तेव्हा…

हिवाळ्यात टिपलेली उपग्रह प्रतिमा मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर उघडावी आणि धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या एखाद्या घळीवर नजर स्थिर करावी. पुष्कळांना तेथे एक विलक्षण दृश्य दिसते. ज्या ओढ्याने शतकानुशतके कातळ कोरून आपली वाट खोल केली, तोच ओढा एका लांबलचक उंचवट्याच्या माथ्यावरून वाहत असल्याचे भासते. दोन ओढ्यांमधली टेकडी दरीसारखी खोलगट दिसते. मळ्यातली गोल, खोल विहीर जमिनीवर ठेवलेल्या पिंपासारखी वर आलेली वाटते. मग प्रतिमा उलटी फिरवावी, म्हणजे उत्तर दिशा खाली आणावी. क्षणार्धात दरी पुन्हा दरी होते, टेकडी टेकडी होते आणि विहिरीत खोली येते.

प्रतिमेत काहीही बदललेले नसते. प्रकाशाचा एक कणही इकडचा तिकडे झालेला नसतो. बदलतो तो केवळ आपल्या मनाने काढलेला निष्कर्ष. सपाट पृष्ठभागावर खोली कशी दिसते, हा प्रश्न चित्रकारांनी आणि शास्त्रज्ञांनी शतकानुशतके हाताळला आहे. मात्र धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात त्याला आणखी एक बाजू आहे. पावसाचे पाणी कोठे अडवायचे हे ठरवताना प्रथम माथा कोणता आणि पायथा कोणता हे ओळखावे लागते, आणि आता ही ओळख अनेकदा प्रतिमेवरूनच सुरू होते.

प्रथम हे लक्षात घ्यायला हवे की डोळ्याच्या पडद्यावर उमटणारे चित्र मुळातच सपाट असते. समोरचे जग लांबी, रुंदी आणि खोली अशा तीन मितींचे. पण दृष्टिपटलावर पोहोचते ते दोन मितींतले. तिसरी मिती मेंदूला स्वतः उभी करावी लागते. त्यासाठीचे एक साधन म्हणजे दोन डोळे. दोन्ही डोळ्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असल्यामुळे प्रत्येकाला जवळची वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते. या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप हे उपकरण मांडून हे सिद्ध केले. प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे रेखाचित्र दाखवले, तर कागदावरच्या सपाट रेषांतून घनाकृती उभी राहते, हे त्यांनी दाखवून दिले.

एकाच चित्राच्या किंवा छायाचित्राच्या बाबतीत मात्र हे साधन निरुपयोगी ठरते. दोन्ही डोळ्यांना तोच कागद, तोच पडदा दिसतो. किंबहुना दोन्ही डोळे मिळून मेंदूला सांगत असतात की समोर आहे ते सपाट आहे. तरीही आपल्याला चित्रात वाट दूर जाताना दिसते, डोंगर मागे सरलेले दिसतात. याचे कारण, चित्रात दडलेल्या काही खुणा मेंदू सवयीने वाचत असतो. एक डोळा मिटला तरी या खुणा कायम राहतात.

या खुणा पाहण्यासाठी फार दूर जायला नको. नळदुर्गच्या किल्ल्याचे एखादे छायाचित्र पुरेसे आहे. बोरी नदीने वेढा दिलेला हा किल्ला, नदीवर बांध घालून त्याच्या पोटात उभारलेला पाणी महाल आणि पावसाळ्यात बांधावरून कोसळणारे नर-मादी धबधबे हे महाराष्ट्रातील असंख्य पर्यटकांच्या कॅमेऱ्यात जाऊन बसलेले दृश्य आहे. त्या छायाचित्रात तटाचा बुरूज नदीचा काही भाग झाकतो; म्हणून बुरूज अलीकडे आणि नदी पलीकडे, असे आपण ठरवतो. जी वस्तू दुसरीला झाकते ती जवळ, ही पहिली खूण. पलीकडच्या काठावरचा माणूस बोटाच्या पेराएवढा दिसतो. माणसाची उंची आपल्याला ठाऊक असल्यामुळे तो खुजा न वाटता दूर वाटतो. ही दुसरी खूण. तटावरची दगडी फरसबंदी पायाशी मोठी, सुटी दिसते आणि पुढे जाताना बारीक, दाट होत जाते. नांगरलेल्या शेतातल्या तासांचेही तसेच. ही पोताची खूण.

सोलापूरहून तुळजापूरकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एकमेकींकडे झुकत जातात, ही यथार्थदर्शनाची खूण. इटालीतील लिओन बातिस्ता आल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या ग्रंथात तिचे नियम शब्दबद्ध केले आणि पुढे युरोपीय चित्रकलेचा तो कणा ठरला. क्षितिजावरचे डोंगर फिकट, निळसर दिसतात, कारण मधल्या हवेतील धूळ व बाष्प प्रकाश विखुरते. लिओनार्दो दा विंची यांनी या खुणेचा सूक्ष्म अभ्यास केला होता. तिचा अनुभव आपल्यालाही असतो. पावसाची मोठी सर येऊन हवा धुतली गेली की कालपर्यंत दूर वाटणारा डोंगर एकाएकी जवळ सरकल्यासारखा वाटतो. डोंगर जागचा हललेला नसतो. त्याचा फिकटपणा गेलेला असतो.

खुणा काढून टाकल्या तर काय होते, हेही याच किल्ल्यावर कळते. धबधब्याच्या छायाचित्रात जवळपास एकही माणूस, झाड किंवा खिडकी नसेल, तर तो किती उंचीवरून पडतो याचा अंदाज बांधणे कठीण जाते. प्रत्यक्षात पाहून आलेला माणूस मग निराशेने म्हणतो, ‘फोटोत ती मजा नाही.’ कमी पडलेली असते ती मोजपट्टी.

आता हाच कॅमेरा शेकडो किलोमीटर उंचीवर नेऊ आणि सरळ खाली रोखू. पाहता पाहता वरच्या जवळजवळ सर्व खुणा गळून पडतात. क्षितिज उरत नाही. रस्त्याच्या कडा जवळ येत नाहीत, कारण रस्त्याची दोन्ही टोके कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतात. दूरचे शेत लहान दिसत नाही. एका वस्तूने दुसरीला झाकण्याचा प्रश्नही फारसा येत नाही. खोलीची सारी भिस्त मग एकाच खुणेवर येते, ती म्हणजे छायाप्रकाश. उताराची एक बाजू उजळ, दुसरी काळोखी. एवढ्यावरून मेंदूला उंच-सखल ठरवायचे असते.

छायाप्रकाशाचे हे सामर्थ्य भारतीय चित्रकारांना नवे नव्हते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत अवयवांना गोलाई आणण्यासाठी गडद-उजळ रंगांचा उपयोग केलेला आढळतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छटा भरण्याच्या या क्रियेला ‘वर्तना’ म्हटले असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. सखल आणि उंच यांतला भेद जो दाखवू शकतो तोच चित्रकलेचा खरा जाणकार, असाही अभिप्राय तेथे आहे.

मात्र या खुणेत एक अडचण आहे. वरून प्रकाश पडलेला उंचवटा आणि खालून प्रकाश पडलेला खळगा कागदावर तंतोतंत सारखे दिसतात. दोन्हींत वरची बाजू उजळ, खालची काळी. केवळ छटेवरून निर्णय होऊच शकत नाही. प्रकाश कोठून येतो आहे हे आधी धरून चालावे लागते. मेंदू ते धरतो, आणि आपल्याला न विचारता धरतो. प्रकाश वरून येतो, हे त्याचे गृहीतक.

या गृहीतकाचा मागोवा जुना आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनी प्रतिमा उलटी दाखवणाऱ्या भिंगांतून पाहताना खळगे उंचवट्यांसारखे का दिसतात, याचे स्पष्टीकरण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात केले होते. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८२६ मध्ये उठावाचे कोरीवकाम खोदीव आणि खोदीव कोरीवकाम उठावाचे कसे भासते, याची चर्चा केली. १९८८ मध्ये भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी साध्या वर्तुळांच्या आकृत्यांनी हा विषय पुढे नेला. वर उजळ आणि खाली गडद छटा असलेली वर्तुळे फुगीर दिसतात. कागद उलटा केला की तीच खोलगट होतात. एकाच चित्रात मेंदू सहसा एकच प्रकाशस्रोत धरतो, हेही त्यांनी दाखवले. विशेष म्हणजे कागद तसाच ठेवून पाहणाऱ्याने आपले डोके खाली केले तरीही फुगीर-खोलगट यांची अदलाबदल होते. याचा अर्थ मेंदूच्या लेखी ‘वर’ म्हणजे आकाशाची दिशा नसून आपल्या कपाळाची दिशा होय.

हे गृहीतक आपण अनुभवातून शिकतो की जन्मतः घेऊन येतो? १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वेन हर्षबर्गर यांनी कोंबडीची पिल्ले अशा पिंजऱ्यात वाढवली की त्यांना प्रकाश फक्त खालून मिळे. तरीही छायाचित्रांतील उंचवटा व खळगा ओळखताना ती पिल्ले प्रकाश वरूनच येतो असे धरून वागली. खोलीच्या दुसऱ्या एका खुणेविषयी भारतातील मुलांकडून मोलाची माहिती मिळाली आहे. अमेरिकेतील एमआयटीचे पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी दिली जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांना दृष्टी आल्याबरोबर एक प्रसिद्ध आकृती दाखवण्यात आली. रेल्वेच्या रुळांसारख्या जवळ येत जाणाऱ्या दोन रेषा आणि त्यांच्यामध्ये समान लांबीच्या दोन आडव्या पट्ट्या, अशी ती पोंझो आकृती. आपल्याला वरची पट्टी मोठी वाटते. ज्यांनी कधी रूळ दूर जाताना पाहिले नव्हते, त्या मुलांनाही ती मोठीच वाटली. मनुष्याच्या दृष्टीत अनुभवाचा वाटा मोठा असला, तरी काही गृहीतके अनुभवापूर्वीच तेथे हजर असतात, असे या अभ्यासांवरून दिसते.

जमिनीवर उभ्या असलेल्या जिवासाठी हे गृहीतक अत्यंत योग्य आहे. सूर्य कधी पायाखालून उगवत नाही. अडचण येते ती आपण जमिनीकडे आकाशातून पाहू लागतो तेव्हा.

नकाशात उत्तर दिशा वर ठेवण्याचा प्रघात आहे आणि उपग्रह प्रतिमाही तशीच मांडली जाते. पण उत्तर गोलार्धात हिवाळ्यातील सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सुदूर संवेदनाचे अनेक उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. धाराशिव शहर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात त्या वेळी तेथे सूर्य आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर असतो. वस्तूची सावली वायव्येकडे पडते आणि तिची लांबी जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी भरते. म्हणजे प्रतिमेत प्रकाश खालून, उजव्या कोपऱ्याकडून आलेला असतो. दरीचा उत्तरेकडील उतार सूर्यासमोर असल्याने उजळतो आणि दक्षिणेकडील उतार सावलीत जातो. प्रतिमेत वर उजेड, खाली अंधार. मेंदू आपल्या सवयीने निकाल देतो, की हा उंचवटा आहे.

१९९८ मध्ये जेनिफर सन आणि पिएत्रो पेरोना यांच्या प्रयोगांत असे आढळले की मेंदूची पसंती अगदी वरच्या दिशेपेक्षा किंचित डावीकडे, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्याकडे झुकलेली असते. हिवाळ्यातल्या उपग्रह प्रतिमेतला सूर्य आणि आपल्या मेंदूने मानलेला सूर्य असे एकमेकांच्या अगदी समोरासमोर उभे ठाकतात. नकाशे काढणाऱ्यांनी ही गोष्ट फार पूर्वीच अनुभवाने ओळखली होती. डोंगरांना छटा देताना ते प्रकाश वायव्येकडून, म्हणजे कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून आल्याचे मानतात. सकाळच्या वेळी धाराशिवमध्ये सूर्य त्या दिशेला कधीच नसतो. तरीही छटांकित नकाशा आपल्याला ‘खरा’ वाटतो आणि उपग्रहाने टिपलेले खरे छायाचित्र ‘उलटे’ वाटते.

उन्हाळ्यात हा भ्रम ओसरतो. धाराशिवमध्ये मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. जूनमधील सकाळी प्रकाश प्रतिमेच्या उजव्या बाजूने, थोडासा वरून येतो. पण तेव्हा सूर्य बराच वर चढलेला असल्याने सावल्या आखूड असतात आणि लवकरच आभाळ भरून येते. निरभ्र आकाश, तलावांत शिल्लक असलेले पाणी आणि शेतात उभे रब्बीचे पीक हे सारे एकत्र दिसते ते हिवाळ्यातच. म्हणजे ज्या प्रतिमांचा उपयोग अधिक, त्यांतच हा भ्रम अधिक.

धाराशिव जिल्ह्याची भूरचना ध्यानात घेतली की या भ्रमाचे गांभीर्य कळते. जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या पठारावर आहे. हा डोंगर फार उंच नाही, पण तो दोन मोठ्या खोऱ्यांना विभागतो. तेरणा आणि मांजरा यांचे पाणी गोदावरीकडे जाते. बोरी आणि सीना यांचे पाणी भीमेला मिळून कृष्णेकडे जाते. माथ्यावरच्या एखाद्या शेतात पडलेला पाऊस कोणत्या बाजूला वळतो, हे थोड्याशा चढ-उतारावर ठरते. पाणलोट विकासाचे सूत्रही ‘माथा ते पायथा’ असेच आहे. आधी माथ्याच्या उतारावर सलग समतल चर, मग ओघळींवर दगडी बांध, त्याखाली नाला बांध आणि पाझर तलाव, असा तो क्रम असतो. प्रतिमेत माथा आणि पायथा यांचीच अदलाबदल झाली, तर या क्रमाला अर्थ उरत नाही.

अर्थात अभियंते केवळ डोळ्याला दिसते म्हणून तलावाची जागा ठरवत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर समोच्च रेषा असतात. ५ मे २००५ रोजी ‘इस्रो’ने सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढे रोखलेला आणि दुसरा ५ अंश मागे. एकाच भूभागाच्या अशा दोन प्रतिमांतील फरकावरून जमिनीची उंची मोजता येते. व्हीटस्टोन यांचे दोन डोळ्यांचे तत्त्वच येथे अवकाशात गेले. महाराष्ट्रात नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रहीय माहितीवर काम करते. परंतु ग्रामसभेत भिंतीवर लावली जाते ती बहुधा नुसती प्रतिमा. शेततळ्याची जागा शोधणारा शेतकरी, भूगोलाचा विद्यार्थी, जमीन घ्यायला निघालेला शहरी गुंतवणूकदार यांच्या हातात असते तीही मोबाइलवरची प्रतिमाच. ग्रामसभेत एकाला नाला दिसतो आणि शेजारी बसलेल्याला टेकडी. दोघेही प्रामाणिक असतात आणि चर्चा मात्र पुढे सरकत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. पहिला म्हणजे प्रतिमा फिरवून दक्षिण वर आणणे. अक्षरे उलटी होतील, पण जमीन सुलटी होईल. दुसरा, आधी सावली शोधणे. उंच झाड, पाण्याची टाकी, विजेचा मनोरा यांची सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते पाहिले की प्रकाशाची दिशा कळते आणि तर्काने उरलेले ताडता येते. तिसरा उपाय पाण्याचा माग काढण्याचा. ओढा कधी माथ्यावरून वाहत नाही. झाडोऱ्याची हिरवी रेघ, बंधाऱ्यामागे साचलेला गडद पट्टा आणि एकमेकांना मिळत जाणाऱ्या ओघळी जेथे एकत्र येतात ती जागा सखलच असणार. चौथा, जेथे सोय असेल तेथे समोच्च रेषांचा थर प्रतिमेवर चढवणे. आणि अखेरचा, सर्वांत जुना उपाय म्हणजे शिवारफेरी. तेथे दोन्ही डोळे आणि दोन्ही पाय कामी येतात.

मात्र एक सावधगिरी बाळगायला हवी. हा भ्रम आहे हे कळल्याने तो नाहीसा होत नाही. हा लेख वाचल्यानंतरही हिवाळ्यातील प्रतिमेत बालाघाटाची घळ पुन्हा उंचवट्यासारखीच दिसण्याची शक्यता आहे. निष्कर्ष काढणारी यंत्रणा आपल्या जाणिवेपर्यंत पोहोचण्याआधीच आपले काम उरकून मोकळी होते. तिला थांबवणे आपल्या हाती नाही. तिने दिलेला निकाल तपासून पाहणे मात्र निश्चितच आहे.

ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर आपल्या बांधावरून पावसाचे पाणी जाताना पाहिले आहे, त्याला आपल्या शेताचा उतार सांगण्यासाठी उपग्रहाची गरज नसते. उलट प्रतिमा वाचणाऱ्यालाच त्याची गरज असते. पडद्यावरचा नकाशा आणि बांधावरचा माणूस यांचे म्हणणे जुळत नसेल, तर प्रथम नकाशा फिरवून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच नदी डोंगरावरून उतरून आपल्या पात्रात येते.